पुठ्ठ्यावरचे पूर्वज

नागपूरच्या रामदासपेठेतला एखादा जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट किंवा हॉस्पिटल बांधायचं ठरलं, की सामानाची वाटणी बहुतेक घरांत सारखीच होते. सागवानी कपाटं, झोपाळा, पितळेचा बंब यांना लगेच वाटेकरी मिळतात. पुस्तकांसाठी एखाद्या ग्रंथालयाला विचारून पाहिलं जातं. माळ्यावरची ट्रंक सगळ्यात शेवटी खाली येते आणि तिच्यातून कधीकधी कातडी बांधणीचा, पितळी कडीचा अल्बम निघतो. आत पत्त्याच्या पानाहून किंचित उंच अशी जाड कार्डं खोचलेली असतात. पगडी घातलेले, उपरणं सावरून खुर्चीत ताठ बसलेले गृहस्थ एकामागून एक समोर येतात. हे कोण, ते कोण, असं विचारत पानं उलटली जातात आणि तिसऱ्या-चौथ्या पानानंतर विचारणंही थांबतं, कारण सांगू शकणारं माणूस घरात उरलेलं नसतं. मग तो अल्बम कबाड्याच्या पोत्यात जातो, नाहीतर परदेशातल्या नातवाच्या बॅगेत.

रामदासपेठ ही विसाव्या शतकातली वस्ती, कार्डं एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे ती इथे राहायला आली, ती महाल-सीताबर्डीच्या वाड्यांतून किंवा नोकरी-वकिलीसाठी नागपुरात उतरलेल्या कुटुंबांबरोबर पुणे, सातारा, मुंबईहून. निदान दोन घरबदल, एक-दोन वाटण्या आणि शंभराहून जास्त उन्हाळे काढून ती टिकली आहेत. चित्र टिकलं, नाव गेलं. या कार्डांच्या संग्रहाचा आणि जतनाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो. जतन म्हणजे रसायनं आणि खास पाकिटं असा समज असतो. त्यांची गरज आहेच, पण त्यांचा नंबर दुसरा.

या कार्डाचा जन्म पॅरिसचा. आंद्रे दिस्देरी या फोटोग्राफरने २७ नोव्हेंबर १८५४ रोजी त्याचं पेटंट घेतलं. तोवर एका काचेवर एक फोटो निघे आणि तो महाग पडे. दिस्देरीने अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर सहसा आठ छोट्या प्रतिमा घेतल्या, त्या एकदम छापल्या, कापल्या आणि साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. आकार भेटीला जाताना द्यायच्या कार्डाचा, म्हणून नाव पडलं ‘कार्त-द-व्हिजिट’. नेपोलियन तिसरा सैन्य घेऊन युद्धावर निघाला असता वाटेत थांबून दिस्देरीच्या स्टुडिओत शिरला, अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथा आहे, पण जाहिरात म्हणून तिने चोख काम केलं. लंडनमध्ये मेयॉल या फोटोग्राफरने १८६० साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी कार्डं विक्रीला काढली आणि घरोघर अल्बम भरण्याचं वेड पसरलं. १८६६मध्ये १०८ बाय १६५ मिलिमीटरचं मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ बाजारात आलं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत दोन्ही प्रकार चालू राहिले.

कागदही सांगण्यासारखा. त्या काळातली बहुतेक कार्डं ‘अल्ब्युमिन’ कागदावर छापलेली आहेत, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यांत त्यासाठी दिवसाला हजारो अंडी फुटत. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरांत देवघराशेजारी टांगलेले आजोबा कशाच्या आधाराने भिंतीवर आहेत, हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं हे बरंच झालं.

मुंबईने मात्र पॅरिसची वाट पाहिली नाही. दिस्देरीने पेटंट घेतलं त्याच १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कोलकाता आणि मद्रास यांच्या सोसायट्या दोन वर्षांनी आल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या सोसायटीतल्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण हा विद्यार्थी बाहेर पडला. मुंबईत स्वतःचा धंद्याचा स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्याचं नाव घेतलं जातं. बडोद्याच्या गायकवाडांपासून शेठ-सावकारांपर्यंत अनेकांची कार्डं त्याने काढली. माणूस खटपट्या होता. गीतेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आर्य समाजाच्या मुंबई शाखेचं काम केलं आणि १८७९मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांचा मुंबईत पाहुणचार केला. मग हिशेबावरून त्यांच्याशी त्याचं वाजलंही. त्याच्या स्टुडिओचा शिक्का पाठीवर असलेलं कार्ड हाती लागलं तर संग्राहकाला झोप येत नाही.

त्याच काळात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन खंडांत काढलं, १८६३ आणि १८६६ साली. माणसं स्टुडिओत टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला, असा तो प्रकार होता. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. जॉन्सनच्या पुस्तकात माणूस जातीचा नमुना म्हणून उभा आहे, घरच्या अल्बममध्ये तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पैशाने बसला आहे. नाव विसरलं की हा फरक पुसला जातो आणि घरचा माणूसही नुसता ‘पगडीवाला ब्राह्मण’ किंवा ‘मराठा सरदार’ होऊन बाजारात उभा राहतो.

नागपूरला रेल्वे १८६७मध्ये पोहोचली आणि मुंबईचा स्टुडिओ एका प्रवासाच्या अंतरावर आला. स्थानिक कामाची अडचण हवामानाची होती. तेव्हाची ओल्या काचेची पद्धत अशी, की काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायचा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरी वाऱ्यापुढे ती काच किती वेळ ओली राहणार? कोरड्या काचांची पद्धत १८७१मध्ये सुचली आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार काचा विकत मिळू लागल्या. मग गावोगाव हिंडणाऱ्या फोटोग्राफरांना मोकळीक मिळाली. फोटो काढल्याने आयुष्य घटतं ही समजूत मात्र बरीच वर्षं पाठ सोडत नव्हती. चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्रा इथे स्टुडिओ चालवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनाही तिचा त्रास झाला. या धंद्यातून सिनेमाकडे गेलेले ते एकटे नव्हेत. १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हेही मुळात फोटोग्राफरच.

आता कार्डात दिसतं काय, याकडे वळू. खुर्ची, नक्षीदार टेबल, त्यावर पुस्तक किंवा फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा, पायाखाली गालिचा. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत, कारण काही सेकंद निश्चल बसावं लागे. त्या आधाराचा पाया कधीकधी पायांमागे डोकावतो. आजकाल इंटरनेटवरचे विक्रेते असं कार्ड ‘प्रेताचा फोटो’ म्हणून चढ्या भावाने विकतात. ही शुद्ध थाप आहे. तो आधार जिवंत माणसाला स्थिर ठेवण्यापुरता होता, मेलेल्याचं वजन त्याने पेललं नसतं.

रंगांची गोष्ट याहून महत्त्वाची. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला हळव्या आणि लाल-पिवळ्याला जवळपास आंधळ्या होत्या. म्हणून कुंकू काळं दिसतं, लाल पगडी काळी दिसते, जरीचा पिवळा काठ गडद येतो आणि निळं लुगडं फिकट, कधी जवळजवळ पांढरं. फिकट लुगडं पाहून ‘या विधवा असाव्यात’ असा तर्क करणारी कुटुंबं आहेत. तो तर्क निराधार आहे. मोबाइलमधल्या ॲपने जुन्या फोटोत रंग भरण्याची हल्लीची हौस यामुळेच फसवी ठरते. ॲपला करडी छटा कळते, मूळ रंग कळत नाही. चेहरा ‘स्पष्ट’ करणारी ॲप तर याच्याही पुढची. ती नाही ते डोळे आणि नाही त्या सुरकुत्या बेतून देतात आणि आठ-दहा फॉरवर्डनंतर तोच चेहरा पणजीचा म्हणून कायम होतो.

मराठी घरांतल्या कार्डांत बायका कमी. स्टुडिओ परपुरुषाचा आणि घराबाहेर, त्यामुळे उंबरठा आडवा येई. हैदराबादेत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२मध्ये खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला, यावरून या अडचणीचा अंदाज येतो. म्हणूनच एखाद्या अल्बममध्ये नऊवारीतली, नथ घातलेली एकटी बाई सापडली तर आधी तिचं नाव शोधायला लागावं.

नाव असलं तर काय होतं, याचं सर्वांत चांगलं मराठी उदाहरण महाराष्ट्राबाहेर आहे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये १० ऑक्टोबर १८८५ रोजी तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो निघाला. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. चित्राखाली तिघींची नावं आणि गावं आहेत. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात तो जपलेला आहे आणि आज जगभर छापला जातो. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ला आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात त्या गेल्या. खालच्या दोन ओळी नसत्या तर हा फोटो ‘तीन अनोळखी पौर्वात्य स्त्रिया’ एवढ्याच नोंदीने एखाद्या कपाटात पडून राहिला असता.

उलट उदाहरण हवं तर बर्डीवरच्या झाशी राणी चौकात उभं राहावं. पुतळा आहे, चौक आहे, पण राणी लक्ष्मीबाईंचा खात्रीलायक असा एकही फोटो उपलब्ध नाही. तरीही ‘राणीचा दुर्मीळ फोटो’ दरवर्षी मोबाइलवर फिरतो. कुठल्यातरी अनामिक स्त्रीचं नाव हरवलं आणि रिकाम्या जागी लोकांनी राणीला बसवलं.

अनामिक कार्डाचा काळ ठरवायला संग्राहक आधी ते उलटं करतात. पाठीवर स्टुडिओचं नाव, पत्ता, मिळालेल्या पदकांची चित्रं, ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे’ अशी सूचना आणि हाताने घातलेला क्रमांक असतो. १८६०च्या दशकातलं कार्ड पातळ, चौकोनी कोपऱ्यांचं, पाठीवर नावापुरती ओळ असलेलं. १८७०च्या दशकात कोपरे गोलावले. पुढच्या दोन दशकांत पुठ्ठा जाड झाला, गर्द रंगाचा झाला, कडांना सोनेरी मुलामा आला आणि पाठ वेलबुट्टीने भरून गेली. अगदी तळाशी, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत पॅरिसच्या मारिओनचं किंवा व्हिएन्नाच्या वाख्टलचं नाव असेल, तर पुठ्ठा तिथून आयात झालेला. पण हे आडाखे युरोपातल्या कार्डांवरून बांधलेले आहेत. इथला फोटोग्राफर मागवलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरत असे, त्यामुळे ‘फार तर इतकं जुनं’ एवढंच म्हणावं आणि पुढची पाच-सात वर्षं मोकळी सोडावीत.

नावासाठी मराठी कुटुंबाकडे दोन साधनं आहेत, ती युरोपातल्या संग्राहकाला मिळणार नाहीत. एक म्हणजे कुलवृत्तान्त. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी ते छापले आणि त्यांत पुष्कळदा अशाच कार्डांवरून केलेले फोटो आहेत. दुसरं म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, ज्यांत पिढ्यांची नावं आणि यात्रेच्या तिथी मिळतात. स्टुडिओ कुठल्या वर्षी कुठल्या पत्त्यावर होता, ते कळलं आणि त्या वर्षी घरातलं कोण त्या शहरात होतं हे जुळलं, की अनोळखी चेहऱ्यांची यादी भराभर आखडते.

बाजाराचं चित्र सरळ नाही. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही जुनी ठिकाणं. आता इंटरनेटचे लिलावही आहेत. तिथे राजेरजवाडे, सरदार, नर्तकी आणि प्रसिद्ध स्टुडिओ यांना भाव, तर नागपूरच्या कारकुनाला किंवा वऱ्हाडातल्या देशमुखाला तो नाही. म्हणून विक्रेता अल्बम फोडतो, विकली जाणारी पाच कार्डं काढतो आणि उरलेली टोपलीत टाकतो. कार्डं चोरून नेण्यापेक्षाही हे वाईट, कारण अल्बमचा क्रम हीच अनेकदा नात्यांची एकमेव नोंद असते. पहिल्या पानावर कर्ता पुरुष, समोर भाऊ, मग व्याही, मग साहेब, असा तो क्रम पुरावा म्हणून वाचता येतो. सुटी कार्डं जमवणाऱ्याने निदान ती कुठून आली एवढं तरी टिपून ठेवावं.

बनावटही आहेच. जवाहिऱ्याचं दहापट भिंग लावलं तर खरं-खोटं बरंच कळतं. अल्ब्युमिन छपाईत चित्राआडून कागदाचे तंतू दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं असतं. नंतरच्या जिलेटिन कागदात तंतू झाकलेले असतात आणि गडद भागावर निळसर चंदेरी झाक येते. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ते काल छापलेलं आहे.

मोठ्या संग्राहकांनी या चिल्लर वस्तूला प्रतिष्ठा दिली. अमेरिकेत विल्यम डारा या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने ५० हजारांहून जास्त कार्डं जमवली आणि १९८१मध्ये त्यांवर लिहिलेलं त्यांचं पुस्तक आजही पायाभूत मानलं जातं. आपल्याकडे पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी दक्षिण आशियातल्या जुन्या फोटोंचा प्रचंड संग्रह केला आणि तो दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनमध्ये आहे. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये घेतल्या. हे सगळं महत्त्वाचं, पण यात दरबार, शिकार आणि महाल जास्त आहेत. मध्यमवर्गीय मराठी चेहरा अजून ट्रंकेतच आहे.

त्या ट्रंकेला नागपुरात सर्वांत मोठा धोका वाळवीचा वाटतो. तो आहेच, पण त्याहून छुपा धोका कूलरचा. अशा फोटोंना ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते आणि ती स्थिर असली तर अधिकच. नागपूरचा मे महिना ४५ अंशांपलीकडचा आणि कोरडा ठणठणीत. त्यात संध्याकाळी कूलर लावला की खोलीत ओल भरते, सकाळी बंद केला की पुन्हा सुकते. बलकाचा थर आणि खालचा कागद या फुगण्या-आकसण्यात वेगवेगळे ओढले जातात आणि भेगा वाढतात. पुढे पावसाळ्यात बुरशीचे तांबूस डाग येतात, कसर लागते. गच्चीखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. बंगल्याच्या आतल्या भिंतीला लागून असलेलं, कूलर नसलेल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट ही जमण्यासारखी सर्वांत बरी जागा.

बाकीची काळजी साधी आहे आणि ती बहुतांशी काय करू नये याचीच. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. पूर्वी घरोघर आलेले चिकट पानांचे अल्बम तर मुळीच नकोत, त्यांतून कार्ड फाटल्याशिवाय निघत नाही. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, नाहीतर आम्लविरहित कागदाची पाकिटं घ्यावीत. पाठीवर लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलीने, पेनने कधीच नाही. जुन्या अल्बमच्या खाचेतून कार्ड ओढून काढू नये, खाच फाटते. तसबीर करायची झाली तर स्कॅनची करावी. मूळ फोटो काचेला चिकटतो आणि उन्हाने विटतो. पुण्यतिथीला तसबिरीवर लावलेलं गंध आणि ओला हार यांनी जेवढी कार्डं नासली, तेवढी कसरीनेही नासली नसतील.

स्कॅन करताना ६०० डीपीआय ही किमान मर्यादा, एवढ्या लहान कार्डाला १२०० बरं. दोन्ही बाजू घ्याव्यात, अल्बमचं अख्खं पानही घ्यावं. खराब झालेलं कार्ड स्वतः धुण्या-पुसण्याच्या फंदात पडू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा ही अशा कामाची जाणकार ठिकाणं आहेत. परदेशी नेण्याआधी १९७२चा पुरावशेष कायदाही पाहावा. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेली शंभर वर्षांपलीकडची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नातवाच्या बॅगेत स्कॅन द्यावेत, अल्बम इथेच राहू द्यावा.

नागपुरात याची सोय करू शकतील अशा संस्था कमी नाहीत. अजब बंगला म्हणून ओळखलं जाणारं मध्यवर्ती संग्रहालय १८६३पासून आहे, विदर्भ संशोधन मंडळ १९३४पासून, आणि विद्यापीठाचं ग्रंथालय तर रामदासपेठेतच. यांपैकी एकानेही ‘अल्बम घेऊन या, आम्ही दोन्ही बाजू स्कॅन करून नोंद ठेवतो, मूळ तुम्हीच घरी न्या’ असं जाहीर केलं, तर दान देण्याची धास्ती नसल्याने लोक येतील. तोवर ज्या घरात पाडापाडीची तारीख ठरली आहे, त्यांनी एक करावं: घरातल्या सर्वांत वयस्क आत्या, काकू किंवा मामांसमोर अल्बम उघडून ठेवावा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करावं आणि पानागणिक नावं विचारून घ्यावीत.